नावापुढची अक्षरे

रत्नागिरी

प्रिय सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि मुंबईच्या त्या क्लिनिकचे माहितीपत्रक मिळाले. एवढे वजन उतरवल्यावर पोटाची कातडी सैल पडून लोंबते, देवगडच्या दमट हवेत घडीत पुरळ उठते, म्हणून ती काढून घ्यावी असे वाटणे ही काही चैन नव्हे. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे तू ठरव. ती कोणाच्या हातून करावी, याबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायचे आहे.

माहितीपत्रकात डॉक्टरांच्या नावापुढे 'एम.बी.बी.एस., एम.एस., फेलो (कॉस्मेटिक सर्जरी)' असे छापले आहे. एम.एस. कोणत्या विषयातले, हे सोयीस्करपणे गाळले आहे. ते नेत्ररोगातले किंवा कान-नाक-घशाचेही असू शकते. आपल्याकडे प्लास्टिक सर्जन होण्याची नेहमीची वाट म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर ३ वर्षे जनरल सर्जरीचे एम.एस. आणि त्यावर आणखी ३ वर्षे प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. किंवा डीआर.एन.बी. ही वरची पदवी; काही संस्थांत एम.बी.बी.एस.नंतर थेट सलग अभ्यासक्रमही असतो. तेव्हा तू 'एम.सीएच.' किंवा 'डीआर.एन.बी.' शोध, आणि पुढे विषय 'प्लास्टिक सर्जरी' हाच आहे ना, तेही पाहा, कारण मूत्ररोगाचेही एम.सीएच. असते. 'फेलो' हे बिरुद तर एम.सीएच.नंतर मोठ्या रुग्णालयात वर्षभर राबून मिळते, तसेच चार दिवसांच्या वर्गानंतरही मिळते. ते वाचून भुलू नकोस.

पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक नव्याने घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती, त्याच्यापाशी कुठली पदवी होती, असे तू नक्की विचारशील. पण त्याचे हात पंचक्रोशीला ठाऊक असणार. तुला मात्र क्लिनिकने निवडून छापलेले 'आधी-नंतर'चे फोटो तेवढे दिसतात.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागून घे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपास. नोंदणी ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, म्हणून ती चालू आहे का, आणि एम.सीएच. किंवा डीआर.एन.बी. ही अतिरिक्त पदवी तिथे चढवली आहे का, हे दोन्ही पाहा. बांबोळीच्या बाजूला गोव्यात कोणाला दाखवायचे ठरवलेस, तर तिथली परिषद वेगळी आहे. क्रमांक विचारल्यावर डॉक्टर रागावले, तर मी तरी त्या टेबलावर झोपणार नाही.

पदवी खरी निघाली तरी भूल कोण देणार, पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ हजर असणार का, आणि रात्री रक्तस्राव झाला तर त्याच इमारतीत दाखल करता येते का, हे विचार. त्यांच्या 'समुपदेशक' बाईंनी फोनवर लगेच घरी जाता येईल असे सांगितले, हे मला पटलेले नाही. पोटाच्या अशा शस्त्रक्रियेनंतर अनेकदा जखमेत साचणारे पाणी काढायला काही दिवस नळी ठेवतात, आणि रात्रभर गाडीत पाय दुमडून बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून सर्जन परवानगी देईपर्यंत मुंबईतच, तुझ्या बहिणीकडे राहण्याची सोय कर.

सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणून आगाऊ रक्कम भरू नकोस. नोंदणी क्रमांक मिळाला की मला कळव, आपण दोघेही स्वतंत्रपणे तपासू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत