रांजणाला दार कशाला?

अल्बुकर्की, न्यू मेक्सिको
21 सप्टेंबर

ती. आई आणि ती. अप्पा यांना साष्टांग नमस्कार,

परवा व्हिडिओ कॉलवर अप्पांनी विचारलं, "मागं ते रांजण कसलं ठेवलंय? आणि रांजणाला दार कशाला?" मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली. दुसऱ्या दिवशी दादाचा मेसेज, की लेकीनं अमेरिकेत अंगणात चूल मांडली असं अप्पा पारावर सांगून आलेत. आईला फोनवर नीट ऐकू येत नाही, अप्पांना अर्धवट कळलेलं पटत नाही, म्हणून आज ओवी झोपल्यावर सगळं लिहूनच कळवते.

ते रांजण नाही. त्याला चिमिनेआ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ धुराडं. मेक्सिकोतली मातीची शेगडीच म्हणा. खाली गोल पोट, पोटाला समोरून तोंड, आणि वर निमुळती होत गेलेली उंच मान. आई, आपल्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठव. त्याच्या मधल्या नळीतून धूर वर जायचा ना, तसंच हे, फक्त भोवती पाणी नाही. तोंडातून हवा आत ओढली जाते, तापते आणि मानेतून वर पळते. धूर डोक्यावरून निघून जातो, समोर बसलेल्याला नुसती धग. शेकोटीभोवती वारा फिरला की सगळे डोळे चोळत जागा बदलतात, ते इथं होत नाही. पण शेकायचं तर समोरच बसायला हवं. पाठीमागं बसलेला गारठतो. ओवी त्याला 'चिमणी' म्हणते. शाळेत तिनं त्याचं सरळ इंग्रजी केलं, आणि बाईंनी मला विचारलं की तुमच्याकडे धूर सोडणारा पक्षी आहे म्हणे!

आई म्हणेल, वाळवंटात शेकायला कशाला लागतं? अगं, हे वाळवंट 1600 मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वराहूनही उंच. हवा कोरडी ठणठणीत. दिवसा ऊन भाजतं आणि सांदिया डोंगर गुलाबी होऊन विझला की अर्ध्या तासात शाल शोधावी लागते. घरं मात्र तुम्हाला ओळखीची वाटतील. माती आणि काड्यांच्या विटा, वर सपाट छप्पर. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बार्शीकडच्या धाब्याच्या घरांचीच आठवण झाली.

आता हे कसं निवडलं ते ऐका, कारण त्यात माझी फजिती आहे. चिमिनेआ बिडाची मिळते, ओतीव अल्युमिनियमची मिळते, पत्र्याची मिळते आणि मातीची. बिडाची पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, पण हलवायला तीन गडी लागतील, आणि तापली की बिडाच्या तव्यासारखीच, पोराचा हात लागला तर कातडं सुटेल. ओवी सहा वर्षांची, तेव्हा ती बाद. अल्युमिनियमची हलकी, गंजत नाही, पण किंमत पाहून मंदारनं दुकानातच पाठ फिरवली. पत्र्याची दोन हिवाळ्यांत सडते. मातीची बाहेरून बेतानं तापते, आग विझली तरी पोट तासभर कोमट राहतं, आणि दिसतेही गोजिरी. ती फुटते, एवढाच तिचा दोष. मी म्हटलं, मडक्यांच्या गावातून आले आहे, माती मला कळते.

काही कळत नव्हतं. जूनमध्ये रस्त्याकडेच्या एका दुकानातून सूर्याचा चेहरा रंगवलेली एक आणली. दुकानदारानं पैसे घेतले, गाडीत ठेवायला हात लावला आणि तोंडातून शब्द काढला नाही. जुलैत मंदारचे मित्र जेवायला आले, तेव्हा आम्ही ती पहिल्यांदा पेटवली. खोक्यांची फळकुटं, वर दोन जाड ओंडके. मानेतून हातभर ज्वाळ निघायला लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथं जुलै-ऑगस्टमध्ये दुपार उलटली की ढग चढतात. त्याला इथली माणसंही मान्सूनच म्हणतात, अप्पा. वर्षाचा पाऊस जेमतेम नऊ इंच, पण येतो तो कोसळतच. त्या रात्री आम्ही ताटं उचलून आत पळालो, आणि मागून 'टक्' असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फोडल्यासारखा. सकाळी बघते तर तोंडाच्या कोपऱ्यापासून मानेपर्यंत नागमोडी चीर, नख आत जाईल एवढी. दुकानदाराकडे गेले. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं: मातीच्या वस्तूंची हमी नाही. मला राग आला, पण मडकं फुटलं म्हणून आपणही कुंभाराकडे कधी परत गेलो नाही.

शेजारी एक आजी राहतात. त्यांचं घराणं या नदीकाठी अमेरिकेच्या आधीपासूनचं, बोलणं निम्मं स्पॅनिश. ओवी त्यांना अबुएला म्हणते, म्हणजे आजीच. त्यांनी कुंपणावरून ती चीर पाहिली आणि मला ओरडल्या. शब्द कळले नाहीत, पण आई, सूर अगदी तुझा होता. दुसऱ्या रविवारी त्याच मला घेऊन निघाल्या.

त्यांची निवडायची पद्धत बघून मला स्वतःची लाज वाटली, कारण ती आपलीच पद्धत आहे. सूर्य, सरडे, फुलं रंगवलेल्या सगळ्या त्यांनी बाजूला सारल्या. रंगाखाली चिरा झाकतात म्हणे. मग एका साध्या, विटकरी रंगाच्या चिमिनेआपुढे वाकल्या आणि बोटाच्या पेरानं पोटावर टकटक केलं. बद्द. पुढची. बद्द. चौथीला खणखणीत आवाज आला, माठ घेताना तू ऐकतेस तसा. मग तोंडात हात घालून काठाची जाडी चाचपली, सगळीकडे सारखी आहे ना, मान एका बाजूला कलंडलेली नाही ना. ही ग्वादालाहाराजवळच्या तोनालाहून आलेली आहे असं दुकानातल्या बाईनं सांगितलं. ते गाव कुंभारकामासाठीच प्रसिद्ध आहे. दीडशे डॉलर पडले. अप्पा, कृपा करून रुपयांत गुणाकार करू नका.

घरी आणली आणि मंदार काडेपेटी घेऊन आला, तर आजींनी ती काढून घेतली. आधी वाळू. तळाला काळे जाळीदार दगड (शहराच्या पश्चिमेला विझलेले ज्वालामुखी आहेत, तसला दगड इथं पोत्यानं मिळतो) आणि त्यावर तोंडाच्या काठाखाली दोन बोटं राहतील इतकी वाळू. जाळ मातीच्या तळाला लागता कामा नये, त्यानं वाळूवरच बसावं. पहिल्या संध्याकाळी फक्त कागद आणि काटक्या, पंधरा-वीस मिनिटं, की बास. मग दुसऱ्या दिवसापर्यंत आपसूक गार होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. असं पाच दिवस. त्या पहिल्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन जवळून पाहत होते. पोटावर ओलसर काळपट डाग उमटला, हळूहळू मानेकडे सरकत गेला आणि विरला. मातीतलं उरलंसुरलं पाणी बाहेर येत होतं. बाळंतिणीला धुरी देतात तशी ती घामेजली होती. हेच पाणी पहिल्या चिमिनेआत होतं आणि आम्ही तिच्या पोटात होळी पेटवली. वरून पाऊस आला हे निमित्त, पण निम्मी तर आम्हीच फोडली होती.

बाहेरून तिला पारदर्शक रोगण मारलंय. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, ते आपल्याला बरं. पण हीच माती पावसाचं पाणी पिते, आणि डिसेंबरात रात्री ते गोठलं की आतून फुगून फोडतं. तेव्हा मानेवर झाकण, पावसाची चाहूल लागली की वर ताडपत्री (गार झाल्यावरच!), आणि थंडी वाढली की तिचा मुक्काम सामानाच्या खोलीत, फळीवर.

ठेवली आहे अंगणाच्या मध्यावर, फरशीवर, लोखंडी तिवईत. पडवीत का नाही ठेवली, असं अप्पा विचारतील. पण पडवीचं छत लाकडी तुळयांचं आहे, आणि भिंतीपासून, झाडापासून निदान दहा फूट लांब ठेवायची असते. मानेच्या तोंडावर जाळी बसवली आहे, ठिणगी उडू नये म्हणून.

जळण म्हणून इथं पिन्योनचं लाकूड मिळतं. आपल्याकडे सुक्या मेव्यात चिलगोजे येतात ना, त्या झाडाचा हा भाऊबंद. यालाही तसेच खायचे दाणे येतात. राळ भरलेली असते, त्यामुळे पटकन पेटतं, आणि वास थेट देवघरातल्या धुपाचा. पहिल्यांदा पेटलं तेव्हा मी नकळत हात जोडले. वीतभर लांबीचे दोन-तीन तुकडे मागच्या भिंतीला टेकवून उभे करायचे, तोंडाशी काटक्या पेटवायच्या. मानेतून ज्वाळ दिसली की समजायचं, जळण जास्त झालं. रॉकेल नाही, रंगवलेली फळकुटं नाहीत, कोळशाचा ढीगही नाही, त्यानं फार तापते. आणि आई, एक सवय मला मोडावी लागली. तू भाकऱ्या झाल्या की चुलीतली लाकडं ओढून पाणी शिंपडतेस, तसं इथं चुकूनही करायचं नाही. तापलेल्या मातीवर पाणी म्हणजे पुन्हा 'टक्'. विझायची ती आपली आपण विझते, घाई असेल तर ओंजळभर वाळू टाकायची.

राखेबद्दल मात्र आजी हसत नाहीत. 2022 मध्ये या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा उत्तरेला लागला, 3 लाख 41 हजार एकर जळाले. वणवे कमी व्हावेत म्हणून वनखात्यानंच मुद्दाम लावलेल्या आगींतून तो पसरला. त्यातल्या एका ठिकाणी जानेवारीत पेटवलेले पालापाचोळ्याचे ढीग वरून विझले होते, त्यांवर बर्फही पडला, आणि खाली निखारा एप्रिलपर्यंत जिवंत राहिला. वसंतातला वारा सुटला आणि त्यानं पेट घेतला. आजींच्या बहिणीचं घर त्या डोंगरात होतं. म्हणून आमची राख झाकणाच्या लोखंडी बादलीत जाते आणि कितीही गार लागली तरी आठवडाभर कचऱ्यात जात नाही. वाऱ्याचा इशारा असला की पेटवायचीच नाही, मग पाहुणे कोणीही असोत.

आता अप्पांसाठी वाईट बातमी. तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी याल आणि रोज रात्री शेकत बसण्याचे मनसुबे पारावर जाहीर करून आला असाल. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या शहरात लाकूड जाळण्यावर नियम असतो. थंडीत गार हवा नदीच्या खोऱ्यात खाली बसते आणि धुरावर झाकण पडल्यासारखं होतं, म्हणून काही दिवशी 'आज जाळू नका' असं जाहीर होतं. त्या दिवशी गुपचूप अंगावर गोधडी घ्यायची. बाकी दिवस तुमचे.

खायचं म्हणाल तर भाकरी यात होत नाही, मी करून पाहिली. तवा नीट बसत नाही आणि धग एकाच बाजूनं लागते. पण निखाऱ्यात वांगं असं भाजतं की बोलायची सोय नाही. मागच्या शनिवारी आजींनी त्यांच्या हिरव्या मिरच्या आणल्या. सध्या इथं मिरचीचा हंगाम आहे, दुकानांच्या दारात जाळीच्या पिंपात मिरच्या घालून गॅसच्या ज्वाळेवर गरगर फिरवतात आणि रस्ताभर खकाणा उठतो. त्यांच्या मिरच्या आणि माझं वांगं एकत्र ठेचलं, लसूण घातला. आजींनी पोळीशी खाल्लं आणि भांडं घरी घेऊन गेल्या.

फुटलेली पहिली टाकली नाही. चिरेवरून मान काढली, पोटात माती भरून झेंडू लावलाय. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे मला आजींनी सांगितलं, त्या नोव्हेंबरात पितरांसाठी त्याच्याच माळा करतात. आमचा दसऱ्याला फुलेल असं दिसतंय.

एक काम आहे. तोंडाशी जाळ मंदावला की आजी पुठ्ठ्यानं वारा घालतात आणि राख सगळी अंगावर येते. मी त्यांना फुंकणी म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं, कागदाची सुरळी करून फुंकूनही दाखवली. तेव्हा बार्शीच्या बाजारातून लोखंडी फुंकण्या दोन आणा, एक त्यांना. पण आई, हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, विमानतळावर नळी बघून तपासत बसतील. मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत घाल. ज्वारीचं पीठ नको, इथं मिळतं.

वहिनीला आणि दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
सुमन