मामा, निम्मं लाकूड बंबात घातलंत त्याबद्दल

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुम्हाला नातू मोबाईलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, "एवढं लिवायची काय गरज हुती?" पण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. दोनदा करून बघितलं. म्हणून हे सगळ्यांदेखत.

आपली ओळख पुलीमुळे झाली. माझ्या करवतीच्या मोटरची पुली घासली होती, ती दुरुस्त करून घ्यायला शिवाजी उद्यमनगरात आलो होतो. टर्नर म्हणाला, "घटकाभर बसा." शेजारच्या शेडच्या दारात तुम्ही मांडीवर एक लाकडी कडं घेऊन बसला होता. लांबून मला ते अखंड वाटलं. जवळ आलो तर आख्खं कडं बोटभर-बोटभर तुकड्यांचं. मी विचारलं, "एवढ्या बारक्या तुकड्यांचं कशाला?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मग काय झाड वाकवायचं?"

मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत सुतारकाम सुरू केलं, तेही व्हिडिओ बघून. ते कडं फौंड्रीचं पॅटर्न होतं, आणि कोल्हापुरात राहून असं पॅटर्न मी कधी हातात धरलं नव्हतं, याची त्या दिवशी लाज वाटली. ऑइल इंजिनं, उसाचे चरक, पंप हे सगळं ओतायच्या आधी कुणीतरी लाकडात घडवलेलं असतं, ते वाळूत दाबून साचा होतो आणि मग त्यात लोखंड पडतं. आणि त्या लाकडाला पावसाळ्यात एक सूतसुद्धा, म्हणजे इंचाचा आठवा भागसुद्धा, फुगायची परवानगी नसते. एका रुंद फळीतून कडं कापलं तर ते आडवं फुगतं, उभं फुगत नाही, म्हणजे गोल राहतच नाही. शिवाय लाकडाच्या रेषा जिथं आडव्या जातात तिथं टिचकी मारली तरी मोडतं. म्हणून तुकडे, त्यावर दुसरा थर, आणि विटांच्या भिंतीसारखा खालच्या सांध्यावर वरच्या तुकड्याचं पोट. तुम्ही हे दहा मिनिटांत सांगितलंत. माझी पुली तयार होऊन गार झाली तरी मी तिथंच.

मग तुम्ही एका रविवारी घरी आलात. खरं तर मी तुम्हाला माझा साठा दाखवायला बोलावलं होतं. कौतुक होईल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू. चार पोती, दोन तेलाचे डबे आणि पलंगाखाली जे काय होतं ते. पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं सागवान, आंबा, बाभळीचे बुंधे, गगनबावड्याकडून आणलेला फणस, प्लायच्या पट्ट्या. चार वर्षांत एक कपटा मी टाकला नव्हता.

तुम्ही पोतं उलटं केलंत आणि म्हणालात, "सायेब, हे लाकूड न्हवं, ही वसुली ऱ्हायलेली खाती हायती. निम्मी बुडीत काढा."

बँकेतल्या माणसाला हे असं सांगायचं!

त्यानंतरचे दोन तास मला जड गेले. ज्याला एकही सरळ बाजू नाही आणि जो वितीपेक्षा लहान आहे, तो बंबात. ज्याला टोकाकडून चीर गेलीय, तोही बंबात. 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं होतं, तेव्हाच्या कपाटाचा प्लाय मी जपून ठेवला होता. त्याचे पदर वहीच्या पानांसारखे सुटले होते. तो मी बंबाकडे न्यायला लागलो तर तुम्ही ओरडलात. प्लाय आणि एमडीएफ जाळायचं नाही, त्यातल्या डिंकाचा धूर घरात घ्यायचा नाही. ती पट्टी कचऱ्याच्या गाडीत गेली. वाड्याच्या सागवानावर तुम्ही खिशातलं लोहचुंबक फिरवलंत आणि जिथं ते चिकटलं तिथं खडूनं फुली मारलीत. त्या फुल्या बघून मला कळलं, माझ्या रंध्याच्या पात्याला गेल्या वर्षी दाते कशानं पडले होते.

उरलेलं मी लांबीप्रमाणं लावत होतो. तुम्ही ते सगळं मोडून जाडीप्रमाणं लावायला सांगितलंत. चार सुताचं एका डब्यात, सहा सुताचं दुसऱ्यात, इंचाचं तिसऱ्यात. कारण तुकडे जोडायचे म्हटलं की लांबी कितीही चालते, जाडी मात्र एकच लागते. एवढी साधी गोष्ट. चार वर्षं पोत्यात हात घालून "हवा तसा तुकडा कधीच सापडत नाही" म्हणून मी कुरकुरत होतो.

त्या सहा सुताच्या डब्यातून माठाखालचं कडं झालं. बारा तुकडे, प्रत्येकाची दोन्ही टोकं पंधरा अंशांत कापलेली. सव्वातीन-सव्वातीन इंचाच्या तुकड्यांतून फूटभराचं कडं होतं हे कागदावर खरं वाटत नाही. एवढे लहान तुकडे फिरत्या करवतीवर धरायचे नाहीत, ही तुमची ताकीद. म्हणून हातकरवतीनंच कापले. पहिल्यांदा अकरा तुकडे छान बसले आणि बारावा जाईना. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला होता. चोवीस काप, म्हणजे बारा अंशांचा घोळ. मी तो तुकडा घासून बसवायला बघत होतो, तुम्ही हात धरलात. सहा-सहाची दोन अर्धी कडी आधी चिकटवायची, सुकू द्यायची, मग काचेवर पॉलिश पेपर लावून दोन्ही अर्ध्यांची तोंडं सपाट घासायची. सगळी चूक त्या दोन सांध्यांत गोळा होते आणि तिथंच मरते. शिकंजे (क्लॅम्प) नव्हते, तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून करकचून गुंडाळलीत. मी शिकंज्यांवर किती पैसे घालवणार होतो ते इथं लिहीत नाही, घरी वाचतात.

आणि हो, ते पहिलं कडं फुटलं, हेही लिहितो. तुम्ही विचारलं होतं, "डिंक कुठला लावताय?" आणि मी "आहे तो" म्हणालो होतो. आहे तो म्हणजे कपाटाला लावतात तो साधा पांढरा. माठ पाझरतो, हे लहान पोराला ठाऊक असतं. आठ दिवस पाणी प्यालेले सांधे एका रात्री सुटले आणि माठ स्वयंपाकघरात आडवा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला तर तुम्ही आधी माठाची किंमत विचारलीत आणि मग पोटभर हसलात. दुसरं कडं पाण्यात टिकणाऱ्या डिंकाचं आहे, सागवान चिकटवण्याआधी थिनरनं पुसून घेतलंय कारण ते तेलकट असतं. दोन थर, सांध्यावर सांधा नाही. या उन्हाळ्यात ते हललं नाही.

तुमची मापाची पट्टी अजून माझ्याकडेच आहे. ती साधी पट्टी नाही, हे तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत असा माझा संशय आहे. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना फुटाला एक सूत आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच तेवढी लांब असते. मी डबा माझ्या पट्टीनं मापला आणि झाकण तुमच्या. फूटभर झाकण बरोबर एक सूत मोठं झालं. ते झाकण मी अजून ठेवलंय, लोखंडात ओतलं तर बसेल.

बाकी बाभळीच्या तुकड्यांच्या विळ्याला मुठी झाल्या, फणसाचं एक छोटं पोळपाट झालं, दारांना पाचरी झाल्या. तीन डबे आहेत, पोतं एकही नाही. पलंगाखाली आता झाडू जातो.

रविवारी पट्टी परत द्यायला येतो. घरच्यांचा मात्र तुमच्यावर राग आहे, तो पोचवायला सांगितलाय. पहिला महिना बंब फुकटात पेटला. आता माझ्याकडून काही उरतच नाही, बंबाला लाकूड विकत आणावं लागतंय.

आपला,
शुक्रवार पेठेतला बुडीत खातेदार