पंचगंगा घाटाचा गाळ काढायला या : कोल्हापूरकरांना कळकळीचं आवाहन

सर्व कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो आणि तालीम मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, सप्रेम नमस्कार.

राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीखाली आली आहे आणि घाटाच्या वरच्या पायऱ्या उघड्या पडू लागल्या आहेत. त्यांच्यावर गुडघाभर गाळ बसलाय. तो ओला आहे तोवरच निघतो. दोन-चार दिवस कडक ऊन पडलं की असा आवळतो की खोऱ्याला दाद देत नाही. आत पायरी कुठं संपते हे दिसत नाही, आणि पहाटे अंघोळीला, पूजेला येणारी म्हातारी माणसं घसरून पडतात. म्हणून ही घाई.

महापालिकेकडे जेसीबी असताना लोकांना कशाला बोलावता, असं काही जण विचारतात. विचारणं रास्त आहे. पण पूर ओसरला की पालिकेची यंत्रं आधी सुतारवाड्यात, नाल्याकाठच्या वस्त्यांत आणि तुंबलेल्या गटारींवर जायला हवीत. ज्यांच्या स्वयंपाकघरात चिखल आहे, त्यांचा नंबर पहिला. शिवाय घाटावर जेसीबी चालवूच नये, असं आमचं ठाम मत आहे. बकेटचा दात सांध्यात अडकला की चिरा निखळतो, आणि पुढच्या पुरात त्याच भगदाडातून मागची माती वाहून जाते. पात्रातल्या लहान देवळांचं तर विचारूच नका. वाकून गाभाऱ्यात शिरायचं, पिंडीभोवतीचा गाळ हातानं काढायचा, नारळाच्या शेंडीनं घासायचं, शाळुंकेच्या पन्हळीत अडकलेली केंदाळाची (जलपर्णीची) मुळं बोटांनी ओढायची. हे माणसांनीच करायचं काम आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. गाळ नदीचाच, तो पाण्याबरोबर पुढं जाईल. पण त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, जुने कपडे, देवांच्या फोटोंच्या काचा असतात. ते सगळं आपण टाकलेलं. ते आधी वेचून पोत्यात भरायचं आणि मगच पंपानं पायऱ्या धुवायच्या. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे, नृसिंहवाडीला कृष्णेचा संगम आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी साथ आली होती, ते त्या घरांना विचारा. आपला कचरा त्यांच्या दारात लोटून आपला घाट चकाचक करण्यात काही अर्थ नाही.

आम्ही घाटालगतच्या पेठांतले रहिवासी आहोत. आमच्या एकट्यानं हे होणार नाही. खोरी, बुट्ट्या, खराटे, गमबूट, जाड हातमोजे आणि रिकामी पोती हवी आहेत. शेतकरी बांधवांनी डिझेल पंप आणि पाईप दिले तर फार मोठं काम होईल. रोख मदत लागेल ती डिझेल, ट्रॅक्टर-ट्रॉलीचं भाडं आणि औषधांसाठी. पावती घेतल्याशिवाय कुणालाही एक रुपयासुद्धा देऊ नका. जमा-खर्च रोज संध्याकाळी घाटावरच्या फळ्यावर लिहिला जाईल. पायाला जखम असेल त्यांनी चिखलात उतरू नये, लेप्टोचा, म्हणजे दूषित चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा धोका असतो. त्यांना पोती शिवायला, चहा-पाणी बघायला काठावर भरपूर काम आहे. परिसरातल्या डॉक्टरांपैकी कुणी सकाळचे दोन तास थांबू शकलं तर आभारी राहू.

श्रमदानाच्या जागी महापालिकेला द्यायच्या निवेदनाची प्रत ठेवली आहे. वाचून पटलं तरच सही करा. त्यातल्या मागण्या अशा. पावसाळ्याआधी नालेसफाई होते, पण काढलेला गाळ बऱ्याच ठिकाणी काठावरच पडून राहतो आणि पहिल्याच मोठ्या सरीत परत नाल्यात जातो. तो त्याच दिवशी उचलावा. जयंती नाल्याचं सांडपाणी पावसाळ्यात नाल्यावरच्या बंधाऱ्यावरून नदीत जातं, तिथली उपसा क्षमता वाढवावी. अंदाजपत्रकात घाटासाठी वेगळी तरतूद असावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकू देऊ नये. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ही रेषा. तिच्या आतली जागा पाण्याची आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, म्हणजे ४३ फुटांच्या धोका पातळीच्या बारा फूट वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरात दूध, पेट्रोल मिळेना. तरीही भरावाचे डंपर थांबलेले नाहीत, याचा आम्हाला मनापासून संताप येतो.

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पणत्या लावायला आपण सगळे याच पायऱ्यांवर येतो. यंदा त्याआधी एकदा खोरं घेऊन या. पोरांनाही आणा.

येत्या रविवारपासून रोज सकाळी सहा ते नऊ, जमायचं ठिकाण घाटाची वरची कमान. पंप आणि ट्रॉली देणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी घाटावर येऊन नाव नोंदवावं, म्हणजे डिझेलची सोय आधीच करता येईल. पाऊस वाढून पाणी पुन्हा चढलं तर काम थांबेल आणि पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सुरू होईल.

आपले,
पंचगंगा घाटालगतच्या पेठांतील रहिवासी, कोल्हापूर