मंत्री महोदय, आम्हाला एक नीट कोरी फाइल द्या

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी संगणकांवर नव्या एक्सेल फाइलसाठी आपल्या कामाला साजेसा मूळ नमुना बसवून देण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी अमळनेरला संगणकाचे क्लास घेतो. 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली ती याच गावात, त्यामुळे संगणकावर चार शब्द बोलायचा हक्क आम्ही अमळनेरकर जरा गृहीतच धरतो. माझ्याकडे येणाऱ्यांत ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक असतात, विकास सोसायट्यांचे सचिव असतात, शाळांचे लिपिक असतात, सेवा केंद्र चालवणारी तरुण पोरं असतात. दिवसभर त्यांचं एकच काम : वरून आलेल्या प्रपत्रात माहिती भरायची आणि "आजच सादर करावी" म्हणून आलेली फाइल आजच वर पाठवायची. माहिती नसेल तर "निरंक" लिहून, पण पाठवायचीच.

या मंडळींच्या याद्यांत चुका असतात. त्या चुकांवरून बैठकीत त्यांना बोलणी बसतात. माझं म्हणणं असं आहे, की यातल्या बऱ्याचशा चुका त्यांनी केलेल्याच नाहीत. त्या कोऱ्या फाइलनेच केलेल्या आहेत.

उदाहरण द्यायला आपल्या राज्यातला सगळ्यात प्रसिद्ध उतारा पुरे. एक्सेलची नवी फाइल उघडा, एका चौकटीत 7/12 टाइप करा आणि एंटर दाबा. सातबारा गायब, तिथे तारीख आलेली असेल. आता पोटहिस्स्याचा विचार करा. गट नंबर 12/2 टाकला की 12 फेब्रुवारी होतो. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन ठेवलेली असेल तर 2 डिसेंबर. 145/2 मात्र जसाच्या तसा राहतो, कारण महिन्यात 145 दिवस नसतात. म्हणजे एकाच रकान्यात काही गट नंबर गट नंबर आहेत आणि काही तारखा झाल्या आहेत. चूक लक्षात आल्यावर परिचालक शहाणपणाने तो रकाना निवडून "टेक्स्ट" करतो, तर तिथे 45334 असा आकडा उगवतो. एक्सेल 1 जानेवारी 1900 ला 1 धरून दिवस मोजत येतं आणि वर्ष चालू सालचं धरतं; 2024 साली टाइप केलं असेल, तर 12 फेब्रुवारी 2024 हा त्या मोजणीतला 45334 वा दिवस. आता हा गट कोणत्या गावात शोधायचा? यादीत आपलं नाव बघायला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न मला अजून पाठ आहे : "मन्हा गट बारा बटे दोन शे, आठे फेब्रुवारी कथाईन उनी?" (माझा गट बारा बटे दोन आहे, इथे फेब्रुवारी कुठून आली?)

हे दुखणं फक्त आपलं नाही. मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावं एक्सेल तारखांत बदलतं म्हणून 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावंच बदलली. आपल्याला गट नंबर बदलता येणार नाहीत. फाइल बदलता येईल.

तीच गत खाते क्रमांकांची. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंक लक्षात ठेवतं आणि पुढच्या अंकांचं शून्य करतं. काही बँकांचे खाते क्रमांक 16 आकडी आहेत. शेवटचा आकडा शून्य झाला, की पैसे परत येतात आणि शेतकरी बँकेच्या पायऱ्या चढत राहतो. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. 12 आकडी आधार क्रमांकाचं तर 1.23457E+11 असं काहीतरी होऊन बसतं. (खरं तर पूर्ण आधार क्रमांक असल्या याद्यांत असूच नये, पण प्रपत्रात रकाना असतो म्हणून तो भरला जातो.)

आणि क्षेत्र. 1 हेक्टर 20 आर लिहायला परिचालक 1.20 टाइप करतो, एक्सेल 1.2 दाखवतं. गणितात दोन्ही सारखेच. पण कागदावर वाचणारा माणूस "एक हेक्टर दोन आर" वाचतो आणि पुढच्या यादीत 1.02 लिहितो. खरीप 2023 च्या कापूस-सोयाबीन अनुदानाचा दर हेक्टरी 5000 रुपये होता, दोन हेक्टरच्या मर्यादेत. 1.20 चे 6000 होतात, 1.02 चे 5100. एका शून्याचे नऊशे रुपये. उलटंही घडतं : 1 हेक्टर 5 आर कोणी 1.5 लिहितो आणि पाच आरांचे पन्नास होतात. रकान्याला आधीच दोन दशांश स्थळं लावलेली असती, तर तिथे लगेच 1.50 दिसलं असतं आणि लिहिणाऱ्याचं त्याचं त्यालाच उमगलं असतं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतील, पण रोज छळतात. एक्सेलच्या मूळ इंग्रजी फाँटमध्ये देवनागरी नाही, ती दुसऱ्या फाँटातून उसनी येते आणि ओळीची उंची इंग्रजीच्या मापाची राहते. मग रफार वरून कापला जातो, उकार खालून. कागद ए-फोरऐवजी अमेरिकन लेटर मापाचा निघतो. दुसऱ्या पानावर शीर्षकाची ओळ येत नाही. शेवटचा "शेरा" रकाना एकटाच वेगळ्या पानावर छापला जातो. रकमेत लाख-कोटींचा स्वल्पविराम पडत नाही.

यावर उपाय आहे आणि तो एक्सेलमध्येच आहे, बराच जुना. आपल्याला हवी तशी कोरी फाइल एकदा तयार करायची : फाँट, ओळीची उंची, ए-फोर कागद, समास, तारखेची पद्धत, सगळं ठरवून. ती इंग्रजी अक्षरांत "बुक" या नावाने, टेम्प्लेट (म्हणजे मूळ नमुना) प्रकारात, एक्सएलस्टार्ट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. त्यानंतर कंट्रोल-एन दाबलं की येणारी प्रत्येक नवी फाइल तिच्याच रूपात जन्माला येते. "शीट" नावाचं दुसरं टेम्प्लेट तिथेच ठेवलं, की फाइलमध्ये नंतर जोडलेलं पानही तसंच येतं. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी सोपं आहे : टेम्प्लेट जतन करताना "डिफॉल्ट" वर खूण करायची, झालं. (गुगल शीट्सवाल्यांना मात्र तयार फाइलची प्रत काढूनच काम सुरू करावं लागेल.)

मग हे कोणी करत का नाही? एक तर ते फोल्डर विंडोजने लपवलेल्या जागेत असतं. दुसरं, एक्सेल सुरू झाल्यावर येणाऱ्या पहिल्या पडद्यावरचं "ब्लँक वर्कबुक" दाबलं, तर आपलं टेम्प्लेट बाजूला राहतं आणि कंपनीची कोरी फाइल उघडते. तो पडदा सेटिंगमधून बंद करावा लागतो. असल्या दोन आडवळणांपायी माणूस वैतागून नाद सोडतो. आणि क्लासवाल्यांचंही सांगतो : एमएस-सीआयटी 2001 पासून चालू आहे, आम्ही अक्षर ठळक करायला शिकवतो, बेरजेचं सूत्र शिकवतो, आलेख काढायला लावतो. कोरी फाइल आपली आपण ठरवता येते, हे परीक्षेत विचारलं जात नाही म्हणून शिकवलंही जात नाही.

कोणी म्हणेल, मग सगळे रकाने "टेक्स्ट" करून टाका. तसं करू नये. मग बेरीज होत नाही आणि रकमेच्या खाली शून्य येतं. कोऱ्या फाइलला कोणता रकाना गटाचा आणि कोणता रकमेचा, हे आधी कळणार कसं? यासाठी टेम्प्लेटमध्ये नावं दिलेल्या शैली, म्हणजे रकान्याचा प्रकार आणि रूप आधीच ठरवलेले साचे, ठेवता येतात. "गट क्रमांक", "खाते क्रमांक", "क्षेत्र हे.आर", "रक्कम", "दिनांक" अशा पाच शैली मराठी नावाने करून ठेवल्या, की परिचालकाने रकाना निवडायचा, नावावर टिचकी मारायची आणि मग भरायला लागायचं. एवढं शिकवायला एक दुपार पुष्कळ होते.

महोदय, महसूल खात्याला हा विचार नवा नाही. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कोणी कधी कोरे कागद देऊन "आखा तुमचं तुम्ही" म्हटलं नाही. गाव नमुने 1 ते 21 ठरलेले होते, छापील होते. कोणत्या रकान्यात काय लिहायचं हे रावेरला आणि अक्कलकुव्याला एकच होतं. संगणक आला आणि ती शिस्त नेमकी याच एका जागी सुटली. आज केळीच्या फळपीक विम्याची यादी एका तालुक्यात एका पद्धतीची असते, शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या, आणि जिल्ह्याला कोणीतरी रात्री बसून दोन्ही एकत्र जुळवत असतो.

म्हणून मागणी अशी. राज्याने एक्सेल आणि लिब्रेऑफिस दोन्हींसाठी एकेक मूळ टेम्प्लेट तयार करावं, त्यासोबत नेहमीच्या याद्यांचे चार-पाच तयार नमुने द्यावेत, आणि जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांमार्फत ते प्रत्येक सरकारी संगणकावर बसवून घ्यावेत. त्यात मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच दडलेले छोटे प्रोग्राम, अजिबात नसावेत. 1996 साली पसरलेला लारू हा एक्सेलचा व्हायरस याच एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये घर करून बसायचा, तेव्हा त्या जागेबद्दल सावध असणं बरं. सेवा केंद्रं आणि सोसायट्यांसाठी तीच फाइल संकेतस्थळावर फुकट ठेवावी. नवीन काही विकत घ्यायचं नाही, निविदा काढायची नाही.

आणि एक गोष्ट मंत्रालयाने स्वतः पाळावी. मूळ टेम्प्लेट फक्त नव्या फाइलला लागू होतं. वरून व्हॉट्सअॅपवर आलेलं प्रपत्र आपली सगळी खोड सोबत घेऊन येतं. शीर्षकात तीन-तीन चौकटी एकत्र केलेलं, फिल्टर न लागणारं, कोणत्याच रकान्याचा प्रकार न ठरवलेलं प्रपत्र मुंबईहून निघालं, की नाशिक, जळगाव, चोपडा करत गावापर्यंत ते तसंच पोहोचतं. खाली कितीही चांगलं टेम्प्लेट बसवलं, तरी तिथे त्याचा उपयोग शून्य. तेव्हा प्रपत्र काढणाऱ्या कक्षालाही हाच नमुना सक्तीचा करा, आणि आधी त्यालाच करा.

चाचणी घ्यायची झाली तर जळगाव शहरात घेऊ नका, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला घ्या. तिथे वनहक्क दाव्यांच्या याद्या असतात, त्यात गट नंबराच्या जोडीला वनकक्षांचे क्रमांक येतात, आणि सातपुड्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. या टेम्प्लेटला इंटरनेट लागत नाही. पेनड्राइव्हवरून चालतं. तिथल्या परिचालकांना काय अडतं ते आधी त्यांनाच विचारा, त्याप्रमाणे शैलींची नावं बदला आणि मग शासन निर्णय काढा. अमळनेरहून धडगावला येऊन ती दुपार शिकवायला मी तयार आहे, मानधनाशिवाय. एसटीचं तिकीट तेवढं द्या.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव