जुन्या गाडीचा सेल्फ: आधी मीटर लावा, मग वायरिंगचं बघा

संपादक साहेब, नमस्कार.

जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी सांभाळणारे ठाण्यात अजून बरेच आहेत आणि तक्रार बहुतेकांची एकच, सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तापून आली, पाच मिनिटं बंद केली, की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक. गॅरेजवाले कोणी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेला म्हणतात, कोणी बॅटरी, आणि हल्ली नवीन निघालंय, सगळी जाड वायर ओढा आणि रिले टाका (म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). आम्हालाही तेच सांगितलं, म्हणून हे पत्र.

रिले वाईट नाही बरं का. या गाड्यांत सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला बॅटरी जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचचा करंट, दहा-वीस अँपिअर तरी, सरळ किल्लीच्या स्विचमधून जातो, म्हणजे बॅटरीपासून स्टीअरिंगपर्यंत आणि परत इंजिनपर्यंत बारीक वायर, मधे कनेक्टर, आणि वीस-पंचवीस वर्षं घासलेला स्विच. रिले टाकला की किल्लीवर अर्ध्या अँपिअरचाही भार राहत नाही. पण दुखणं तिथे असेल तर ना!

ते कळायला साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी तापलेली असताना, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच) आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धरायचं आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर जाड केबल किंवा तिचे लग (टोकाचे धातूचे जोड) खराब. मग मायनस खुंटीपासून इंजिनच्या अंगापर्यंत बघायचं, तिथे ०.३ व्होल्टच्या वर नको. शेवटी प्लसपासून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलपर्यंत, इथे एक-दीड व्होल्ट जात असेल तर खुशाल रिले टाका, पैसे वसूल.

आमच्याकडे दोष निघाला अर्थच्या पट्टीत (मायनसची बाजू बॉडीला जोडणारी), बॉडीला जिथे बोल्टने कसलीय तिथे हिरवा चुरा साचलेला, खाडीची हवा आणि पाऊस, दुसरं काय होणार. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल तर त्या जोडावर ०.०१ ओहम जरी आला तरी दीड व्होल्ट तिथेच गेला. त्यात तांबं ५० अंशांनी तापलं की रेझिस्टन्स साधारण २० टक्क्यांनी वाढतो, म्हणून हे नाटक गरम गाडीलाच जास्त. पॉलिश पेपर मारला, नवीन पट्टी टाकली, सेल्फला हातही लावला नाही.

केबल बदलायचीच झाली तर स्वस्तातली, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची घेऊ नका, तेवढ्याच जाडीत ती तांब्यापेक्षा बराच कमी करंट नेते. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली की परत द्या. लग नीट दाबून बसवायला सांगा, पक्कडीने चेपलेला नको. रिलेची वायर बॅटरीवरून घेताना बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा, हे वायरमन हमखास विसरतात, आणि तो फ्यूज नसेल तर वायर कुठे घासली की सरळ आग. आणि कुठली वायर कुठे गेली ते कागदावर काढून डिकीत नाही, डॅशबोर्डच्या खणात ठेवा, पुढचा वायरमन तुम्हाला दुवा देईल.

एक वाचक, ठाणे पूर्व