पालकमंत्री साहेब, ‘रिव्हर व्ह्यू’च्या फलकावर पूररेषाही छापायला लावा

मा. पालकमंत्री,
ठाणे जिल्हा

स.न.वि.वि.

बदलापूरला आमच्या सोसायटीच्या जिन्यात वॉचमनने पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या ऑइलपेंटने दोन रेघा मारून ठेवल्यात. वरची जुलै २००५ ची, खालची जुलै २०१९ ची, म्हणजे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हाची. रस्त्यापलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला, आता नवा टॉवर उठतोय. फलकावर लिहिलंय ‘रिव्हर व्ह्यू’. खोटं नाही म्हणा.

परवा बुकिंगला आलेलं एक तरुण जोडपं आमच्या गेटवर थांबलं. ‘काका, इकडे पाणी येतं का?’ वॉचमन म्हणाला, ‘नळाचं विचारताय की नदीचं?’

साहेब, माणसं इथे हौसेने आलेली नाहीत. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती अडीच लाखांनी घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि लोकसंख्येत देशात पहिला आला. गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडल्या, मग जिथे परवडेल तिथे माणूस सरकत गेला. आधी डोंबिवली, मग अंबरनाथ, मग आम्ही. बदलापूर ९८ हजारांचं पावणेदोन लाखांचं झालं, तेही २०११ पर्यंत. २०१४ ला पालघर वेगळा निघाला, जिल्हा निम्म्याहून लहान झाला, गर्दी मात्र आपल्याच वाट्याला राहिली.

आणि जागा किती? पश्चिमेला खाडी, पूर्वेला सह्याद्री, मधे उल्हासचं खोरं. राजमाचीकडे कोसळलेला पाऊस कर्जत, नेरळ, वांगणी करत आमच्याकडे येतो. पूर्वी तो भातखाचरांत पसरायचा. आता खाचरांत भराव, भरावावर पोडियम, म्हणजे टॉवरखालचे पार्किंगचे मजले. खाचर बुजवलं म्हणून पाणी थोडंच नाहीसं होतं? ते शेजारी जातं. शेजारी म्हणजे आम्ही.

(शहापूरचं तर विचारूच नका. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा, हे जलसंपदा खात्याचं काम. पण घर घेणारा ते नकाशे कुठे शोधणार? बांधकामाच्या फलकावर आणि माहितीपत्रकात या दोन्ही रेषा छापणं सक्तीचं करा. नवे भराव धरून उल्हासची पूररेषा पुन्हा आखा, आणि ती आखून होईपर्यंत नदीकाठच्या भरावाला एकही परवानगी नको. २०२१ ची जनगणना २०२७ वर गेली, तरी चाललं. पूर तारीख पाळत नाही.

आम्ही सोसायटीतले चौघे निवेदन घेऊन येऊ. वेळ द्याल तर मेअखेरच्या आत द्या. जूनमध्ये आम्ही तळमजल्याची मीटरपेटी वर चढवण्यात गुंतलेले असतो.

आपला,
बदलापूरचा एक रहिवासी