गच्च्या पांढऱ्या करायच्यात, पैसे हवेत आणि हातही हवेत

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. ऊन तापायला लागलंय आणि आपल्या यादीतल्या सात गच्च्या अजून तशाच काळ्या डांबरी पडल्यात. पांढऱ्या केल्या की ऊन परत फेकतात आणि खालचं घर कमी तापतं, त्यासाठीच हा खटाटोप.

आधी मागच्या वर्षीचं, कारण ज्यांनी केलं त्यांचं ऋण आहे. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगची गच्ची आपण अर्धीच रंगवली होती, पैसेच तेवढे होते. पण झालं काय, भर दुपारी पोरं अनवाणी वर गेली, पांढऱ्या भागावर निवांत उभी आणि रेघ ओलांडली की लगेच उड्या मारत परत! ते बघून शेवटच्या मजल्यावरच्या आजींनी उरलेल्या अर्ध्या गच्चीचे पैसे स्वतःहून आणून दिले, पावतीसुद्धा घेतली नाही. ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले आपले आजोबा, त्यांनी तर घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेतली आणि प्रत्येकाला कागदावर काढून दिलं की पश्चिमेचं ऊन कुठून येतं, ते काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही, अडवायचं ते बाहेरच, मग चटई टांगा नाहीतर वेल चढवा. भाड्याच्या दोन खोल्यांतसुद्धा हे जमतं. ग्रीन डिझाइन, म्हणजे पर्यावरणाला जपणारं बांधकाम, म्हटलं की लोकांना काचेचे टॉवर आणि सर्टिफिकेट आठवतात, त्याला आजोबांचा कागद हे आमचं उत्तर.

आणि सुतारकाका! खताच्या ड्रमला वास सुटला तेव्हा ग्रुपवर किती मेसेज पडले ते आठवतंय ना. ओला कचरा जास्त झाला होता, आत हवा खेळत नव्हती, एवढंच. काकांनी पोतंभर भुसा आणून घातला, दोन-चार दिवस खालीवर केलं, वास गेला. वास गेल्याचा मात्र एकही मेसेज आला नाही. असो. मागच्या मीटिंगला नऊ जण होते, त्यातले दोघं पार्किंगचं विचारायला आलेले. बोलणार नव्हते, पण लागलं मनाला.

आता पैसे कशाला ते. चुना स्वस्त पण पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. रिफ्लेक्टिव्ह पेंट (ऊन परत फेकणारा खास रंग) काही वर्षं टिकतं पण महाग, दोन हात द्यावे लागतात आणि आधी भेगा भरून घ्याव्या लागतात. ज्यांना गच्चीवर बाग हवीय त्यांच्यासाठी आधी इंजिनिअरची तपासणी, कारण १ चौरस मीटरवर १० सेंमी ओली माती म्हणजे दीडशे किलोच्या वर वजन, जुन्या स्लॅबवर असं डोळे मिटून टाकता येत नाही. शिवाय पावसाच्या पाण्याचे पाइप, फिल्टर आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायचा व्हॉल्व्ह. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिमी पाऊस पडला की १००० लिटर पाणी होतं, थोडं वाया गेलं तरी ८०० हाती लागेल, आज ते सगळं गटारात जातंय.

रविवारी सकाळी ६ ला कोपऱ्यावरच्या बिल्डिंगखाली जमा, ऊन चढायच्या आत पहिला हात संपवायचाय, जुने कपडे, टोपी, गॉगल (पांढऱ्यावरचं ऊन डोळ्यांवर येतं), ब्रश रोलर असेल तर आणा, झाडू तर आणाच, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली नावं लिहायला बसा, देणगी खजिनदारांकडे, कितीही चालेल, पावती मागून घ्या, भाडेकरूंनीही या, घरमालकाशी आम्ही बोलतो.

आणि मंडळाची मोठी शिडी ज्यांनी दिवाळीत नेलीय त्यांनी शनिवारपर्यंत परत ठेवा, नाव लिहीत नाहीये.

तुमची,
सेक्रेटरी